नाकाबद्दल बोलायचं तर

नाक चुकलंच आहे.
हे मी, दशरथ नंदनवार, डेंटर, कमाल चौक,
एकतीस वर्षांची ठोकाठोक जमेस धरून सांगतो.

वर्धा रोडला, सकाळी साडेसातला,
सिंधूबाईंच्या पोह्याच्या ठेल्यापुढे ती थांबली
आणि तर्री वाढणारा हात
हवेतच राहिला. थेंब पडला कोणाच्या तरी चपलेवर,
तो काही बोलला नाही.

रंग पिवळा.
लिंबाचा नाही, हळदीचा नाही,
कावीळ उतरली तरी डोळ्यात मागे राहतो तो.
(बोंद्रे कंपाउंडर म्हणाले, कावीळ मी रोज पाहतो,
हा तसा नाही. मग काय आहे, ते मात्र सांगेनात.)

"काऊन इतकी चिडून पाहून रायली बाप्पा?
म्या तिचं काय घेतलं?" सिंधूबाई.
खरंच, दिवे तिरके, भुवया आवळलेल्या,
आणि खाली जाळीचं एवढं मोठं तोंड
जसं जेवणावळीत शेवटच्या पंगतीला बसलेलं.

इक्बाल टायरवाला उकिडवा बसला
आणि फक्त चाकांशी बोलला.
वरची गाडी त्यानं पाहिलीच नाही.
"काळे रिम. बढिया.
मे महिन्यात या, धूळ बसू द्या, मग सांगतो."

मागे चार नळ्या, चकचकीत.
"चार-चार नळ!" गल्लीतला कुणी हळहळला,
"आमच्याकडे एकाला पाणी नाही."
क्लासला निघालेल्या दोघी पोरी म्हणाल्या,
मागूनच तर छान आहे, पुढून कोण बघतं,
पुढे गेल्यावर मागूनच दिसणार ना.
या मुद्द्यावर थोडा वेळ शांतता.

जुनं मॉडेल याहून देखणं होतं,
असं पांडे मास्तर ठाम म्हणाले.
जुनं त्यांनी कॅलेंडरवर पाहिलं होतं,
ऑगस्ट महिन्यात.

मी दाराच्या मागच्या खाचेत बोट घातलं.
हवा आत जावी म्हणून केलेली खिडकी.
बोट अर्धं पेर गेलं आणि थांबलं.
प्लास्टिक.
खिडकी होती, मागे भिंत होती.

तेवढ्यात मालक आला, पोह्याची प्लेट हातात,
पोरगाच, सत्तावीस-अठ्ठावीसचा,
चौदा महिने वाट पाहिली म्हणे हिची.
माझ्या बोटाकडे त्यानं पाहिलं.
"कशी वाटते, काका?"
विचारताना लिंबू पिळत होता,
पिळून झालं होतं तरी पिळत होता.

मी बोट काढलं, हात पुसला
आणि छतावर ठेवला. सरकू दिला.
काचेवरून, खांद्यावरून, थेट शेपटीपर्यंत
एक रेघ. कुठे अडली नाही.
ज्यानं ही ओढली त्यानं कोणाला विचारलं नसणार.
नाक विचारून केलंय, खाचा विचारून,
दहा जणांनी दहा खाचा सांगितल्या असतील.
ही रेघ मात्र एकट्याची.

एवढं सगळं कुठे बोलता येतं?
"पाठ चांगली आहे," म्हणालो.
त्याला 'चांगली' एवढंच ऐकू आलं.
हसला. सिंधूबाईंना शंभराची नोट दिली,
सुटे घेतले नाहीत.

निघाली तेव्हा घशातून असा आवाज आला
की ठेल्यावरचे चमचे थरथरले.
आणि पन्नास पावलांवर तो गतिरोधक,
रात्रीतून उगवलेला, ना पट्टा ना पाटी.

करर्रर्र.

नाकाखालून.

आणि सकाळपासून पहिल्यांदा
कंपाउंडर, मास्तर, इक्बाल, पोरी, सिंधूबाई
सगळ्यांचं एकमत झालं,
एकाच दमात: "अगं आई गं."

दुपारी दुकानात
ऑटोचं मडगार्ड सरळ करताना
मी डोळे मिटून हात फिरवत होतो, बराच वेळ.
"काय शोधता जी?" ऑटोवाल्यानं विचारलं.
काही नाही, म्हटलं,
बस जरा. आणखी एक हातोडी.